तिखल्याचा निकाल

बंदराच्या एका गावात मालन परब खानावळ चालवायची. तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायला लोक लांबून येत. समोरच नगराध्यक्ष तोरसकरांच्या जावयाने झगमगीत हॉटेल काढलं, पण तिकडे कुणी फिरकेना. मग एका दुपारी तोरसकर स्वतःच लवाजमा घेऊन खानावळीत शिरले.

"तक्रार आलीय. चव मी स्वतः बघणार. जेवण बरं नसेल तर आजच टाळं लागेल."

नवरा गेल्यावर मालनने याच चुलीवर संसार ओढला होता. तरी तिने हसून ताट वाढलं. साहेबांनी तिखलं ओरपलं, पुन्हा मागून घेतलं, भाकरीच्या तुकड्याने वाटीसुद्धा पुसली. मग तोंड वाकडं करून मोठ्याने म्हणाले, "छे! हे माणसाने खायच्या लायकीचं नाही. लावा टाळं!"

मालनने ते लख्ख ताट उचलून सगळ्यांना दाखवलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मग साहेब, आत्ता इथे जेवलं कोण?"

असा हशा उसळला की साहेबांचा कारकूनही तोंड फिरवून हसू लागला. साहेब हात न धुताच बाहेर पडले. मालनने पदर खोचला आणि पुढची पंगत वाढायला घेतली.