जपानी गाडीची घंटी

घंटी काही वाजेना!

सोनकड्याचे राजे रणधीरराव आपल्या जपानी गाडीत बसून लालबुंद झाले होते. गाडी जुनी, पण अस्सल. ताशी शंभराच्या वर वेग गेला की आतून एक बारीक घंटी वाजते, असं तिच्या कागदात लिहिलेलं होतं. ती घंटी ऐकायची म्हणून राजांनी पंचवीस वर्षं वाट पाहिली होती. आजोबांचा कायदाच तसा होता. परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय राज्यात आणायची नाही.

तीच गाडी राज्याच्या कारखान्यातही बनत असे. आकार तोच, रंग तोच. इंजिन मात्र कमजोर, वेगाचा काटा एकशेवीसच्या पुढे जात नसे, आणि घंटी मुळीच नाही. कारखान्याने राजांना एक भेट दिली होती. राजांनी तिच्यावर गोणपाट टाकून ठेवलं होतं.

आता जपानी गाडी दारात आली. पण आजोबांचा दुसराही एक कायदा होता. राजाच्या वाहनापुढे राजाची हत्तीण चालेल. वाहन हत्तिणीच्या पुढे गेलं, तर त्या क्षणी गादी चुलतभावाला!

हत्तिणीचं नाव बिजली. वय साठ. वाटेत ऊस दिसला की ती थांबायची.

आठ दिवस ती दणकट गाडी बिजलीच्या शेपटीमागे सरपटली. दोनदा इंजिन तापलं. घंटी वाजली नाही. नवव्या दिवशी सेनापतींनी मागच्या सीटवर लपून देवघरातली घंटा वाजवली.

"ही आमच्या गणपतीची घंटा आहे!" राजे ओरडले. "उतरा खाली!"

मग त्यांनी गाड्यांची देखभाल करणाऱ्या कासम मिस्त्रीला बोलावलं.

"कासम, घंटी का वाजत नाही?"

"महाराज, मी आधीच म्हणालो होतो, देशी चालवा. हत्तिणीमागे दोन्ही गाड्या सारख्याच."

"सारख्या? जपानी आणि देशी सारख्या? उद्या दुपारपर्यंत घंटी वाजव! नाही वाजली तर तुझ्या गॅरेजला कुलूप, आणि तू जन्मभर बिजलीची लीद काढायची!"

कासमच्या मागे त्याची मुलगी जैतून होती. हाताला ग्रीस, खांद्यावर फडकं. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारी पोर. ती पुढे आली.

"महाराज, घंटी मी वाजवते. पण नक्की काय काय हवं, ते एकदा सांगा."

"घंटी वाजली पाहिजे!"

"बरं."

"गाडी मी स्वतः चालवणार!"

"बरं."

"आणि बिजली पुढेच राहिली पाहिजे. एक वीतसुद्धा मागे नको!"

"आणखी काही?"

"आणखी काही नाही!"

"दिवाणजी, एवढं लिहून घ्या," जैतून म्हणाली. दिवाणजींनी लिहिलं. राजांनी शिक्का मारला.

घरी जाताना कासम म्हणाला, "बेटा, हत्तिणीला काय चाकं लावणार आहेस?"

"नाही अब्बा. मला फक्त जॅक द्या. आणि दोन लाकडी ठोकळे."

दुसऱ्या दिवशी सारा गाव राजवाड्यासमोर जमला. जैतूनने बिजलीला गाडीच्या पुढे उभं केलं आणि तिच्यासमोर उसाची मोळी टाकली. मग गाडीच्या पुढच्या चाकांना मोठे दगड लावले. मागची बाजू जॅकने उचलली आणि खाली ठोकळे दिले. या गाडीची ओढ सगळी मागच्या चाकांत. ती दोन्ही चाकं आता जमिनीपासून वीतभर वर, हवेत!

गॅरेजात इंजिन तपासताना कासम रोज असंच करायचा. राजे कधी गॅरेजात गेलेच नव्हते.

"बसा महाराज. दाबा!"

राजांनी डोळ्यांना काळा चष्मा लावला, मिशा पुसल्या आणि दाबलं. इंजिन डरकाळलं. चाकं गरागरा फिरली. काटा चढला. साठ! ऐंशी! शंभर!

किणकिण, किणकिण, किणकिण!

राजांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाजली! वाजली!" त्यांनी आणखी दाबलं. एकशेवीस! दीडशे! एकशेऐंशी! मागच्या सीटवर बसलेल्या सेनापतींनी घाबरून दाराची कडी घट्ट धरली.

"दिवाणजी!" राजे ओरडले. "कुठवर आलो?"

"दारातच आहोत, महाराज!"

राजांनी चष्मा काढला. समोर बिजली ऊस चघळत होती. बाजूला गाव हसू दाबून उभा होता. राजांनी पाय काढला. घंटी थांबली.

"पोरी! ही फसवणूक आहे!"

"कागद वाचा, दिवाणजी," जैतून म्हणाली.

दिवाणजींनी वाचलं. "घंटी वाजावी. महाराजांनी चालवावी. हत्तीण पुढे राहावी."

"यात कुठे पोहोचायचं लिहिलंय का, महाराज?"

राजांचा चेहरा जांभळा झाला. "अगं, मग एका जागी उभं राहायला मी पंचवीस वर्षं थांबून जपानहून गाडी आणली? त्याला ती देशी काय वाईट होती?"

"छे, छे, महाराज! देशीचा काटा एकशेवीसला अडकतो," जैतून म्हणाली. "एका जागी उभं राहायला ती फार हळू पडली असती!"

मग राजे हसले. इतके हसले की ठोकळ्यांवरची गाडी हलू लागली आणि बिजलीने मागे वळून पाहिलं.

"कासम, गॅरेज तुझंच! आणि पोरी, ती देशी गाडी तुझी. घेऊन जा!"

जैतूनने गोणपाट ओढून काढलं आणि गाडी सुरू केली. ती काही राजा नव्हती. बिजलीच्या बाजूने ती सरळ पुढे निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

"दिवाणजी, अजून थोडा ऊस टाका बिजलीला," राजे म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा चष्मा लावला.

किणकिण, किणकिण, किणकिण!