हसुरामची आंतरराष्ट्रीय मालवाहतूक

उरणच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात हसुराम नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगानं दांडगा, मनानं स्वच्छ. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. जेवढं सांगितलं तेवढंच करायचा आणि जसं सांगितलं तसंच करायचा. गावाला त्याची हीच भीती वाटायची.

त्याच गावात कुंदावहिनी घरतांची परदेशी माल पाठवायची एजन्सी होती. बंदर हाकेवर, त्यामुळे धंदा बरा चालला होता. हसुराम हा वहिनींच्या सासूबाईंचा भाचा. त्याला कामावर ठेवताना वहिनींना कुणी विचारलं नव्हतं, आणि काढायचं तर सासूबाईंना विचारावं लागलं असतं. म्हणून तो कामावर होता.

एकदा वहिनी मुंबईहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या. विषय होता आधुनिक मालवाहतूक. येताना बरेच नवे शब्द घेऊन आल्या. दुसऱ्याच दिवशी दारावर नवी पाटी लागली आणि हसुरामला बोलावणं आलं.

"आता जुन्या पद्धती बंद," वहिनी म्हणाल्या. "परवा मस्कतला हापूस जायचाय. आंब्याला शीतसाखळी लागते. ती साखळी मध्ये कुठेही तुटता कामा नये. समजलं?"

"समजलं, वहिनी."

हसुराम बाजारात गेला. चांगली जाडजूड लोखंडी साखळी घेतली. बर्फाच्या कारखान्यात नेऊन ती दिवसभर लाद्यांखाली पुरून ठेवली. मग आंब्याच्या पेट्यांना तिचे सात वेढे दिले, कुलूप घातलं आणि पेट्या टेम्पोत ठेवून टेम्पो अंगणात उभा केला. मे महिन्याचं ऊन होतं. तिसऱ्या दिवशी वहिनी बघायला आल्या, तर टेम्पोच्या फळीतून आमरस ठिबकत होता.

"साखळी तुटली नाही हं, वहिनी," हसुराम म्हणाला. "बघा ओढून."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अरे, नाशवंत माल शीतगृहात ठेवायचा असतो! आत, गार हवेत! त्याला म्हणतात शीतसाखळी!"

"असं होय! मग पुढच्या वेळी नाही चुकणार."

सायकलवरून घरी जाताना तो सारखा पुटपुटत होता, "माल आला की शीतगृहात. माल आला की शीतगृहात." वहिनींचं नुकसान झालं याचं त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्या दिवशी तो एक भाकरी कमी जेवला.

पुढच्या आठवड्यात बचत गटाच्या बायकांनी शारजाला पाठवायला पापड आणून दिले. चार दिवस कडक उन्हात वाळवलेले, हात लावला तर मोडतील असे. हसुरामनं ते उचलले आणि थेट शीतगृहात, बोंबलांच्या शेजारी, नेऊन ठेवले. बाहेर काढले तेव्हा पापडांच्या घड्या घालता येत होत्या. वासही पापडाचा राहिला नव्हता.

"पापड कुणी गारठ्यात ठेवतं का?" वहिनी ओरडल्या. "पापडाला प्लॅस्टिकात घट्ट गुंडाळायचं. वारा शिरायला जागा ठेवायची नाही!"

"हे आधी सांगायचं ना, वहिनी. आता नाही चुकणार."

त्यानंतर आल्या डॉक्टर सरोजिनीबाई दिघे. त्यांची लंडनला बदली झाली होती आणि त्यांचा कुत्रा पाठीमागून विमानानं जायचा होता. कुत्र्याचं नाव बंड्या. गुबगुबीत, गरीब जनावर. बाईंनी डोळे पुसत त्याला हसुरामच्या स्वाधीन केलं.

"नीट पाठवाल ना हो?"

"बाई, वारासुद्धा लागू देणार नाही," हसुराम म्हणाला.

बाई आत वहिनींकडे कागदांवर सह्या करायला गेल्या. हसुरामनं प्लॅस्टिकचा रोल घेतला आणि शेपटीकडून सुरुवात केली. बंड्याला आधी तो खेळ वाटला. पोटापर्यंत येईतो तो हसुरामचा हात चाटत होता. गुंडाळी मानेशी आली तेव्हा मात्र बंड्यानं हसुरामचा अंगठा तोंडात धरला, आणि सोडायला तयार होईना. हसुराम ओरडला, बंड्याही तोंड न उघडता ओरडला. दोघी बायका धावत बाहेर आल्या. पाहतात तो कुत्र्याची सुरळी झालेली आणि सुरळीच्या टोकाला हसुराम.

बंड्या सुटला. अंगठाही सुटला. दिघेबाईंनी कुत्रा काखोटीला मारला आणि दुसऱ्या एजन्सीचा रस्ता धरला. आतापर्यंत माल गेला होता, आता गिऱ्हाईकही जायला लागलं होतं.

वहिनी या वेळी ओरडल्या नाहीत. शेजारच्या पोत्यावर बसून हळू आवाजात म्हणाल्या, "हसुराम, त्याला श्वास घ्यायचा असतो रे. अशा वेळी खोक्याला भोकं पाडायची. चारी बाजूंनी. आतल्याला मोकळी हवा लागते."

अंगठ्याला फडकं बांधत हसुराम म्हणाला, "मोठीच चूक झाली, वहिनी. आता प्राण गेला तरी विसरणार नाही."

आणि तो विसरला नाही. जून लागता लागता दोह्याच्या गिऱ्हाइकासाठी तांदळाची चाळीस पोती आली. हसुरामनं दाभण घेतला आणि एकेका पोत्याला चारी बाजूंनी भोकं पाडली. बिचाऱ्या तांदळाला गुदमरायला नको, म्हणून भोकं जरा मोठीच पाडली. मग टेम्पो बंदराकडे निघाला. त्याच्या मागून आधी चिमण्या निघाल्या, मग कोंबड्या, मग सुपं घेतलेल्या बायका. बंदराच्या फाटकात पोती उतरवली, तेव्हा ती हसुरामनं एका हातानं उतरवली.

वहिनींचा फोन आला. "माल कुठवर पोचला?"

"सगळीकडे पोचलाय, वहिनी. आपल्या दारापासून फाटकापर्यंत."

आता मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. उरली होती एकच मोठी ऑर्डर, मॉरिशसच्या मराठी मंडळाची. शाडूच्या मातीचे एक्कावन्न गणपती. पेणच्या शकूकाकू समेळांनी पाच महिने खपून ते घडवले होते. वय झालं तरी बाप्पाचे डोळे त्या स्वतःच रंगवायच्या. एकही मूर्ती दुखावली, तर एजन्सीला कुलूप लावायचं, हे वहिनींनी सासूबाईंनाही सांगून टाकलं होतं.

आणि नेमकं त्याच दिवशी वहिनींना वाशीला भाषणाला जायचं होतं. प्रशिक्षणवाल्यांनीच बोलावलं होतं. विषय होता, 'छोट्या एजन्सीची आधुनिक मालवाहतूक'. दारात गाडी उभी होती, चालक भोंगा वाजवत होता. वहिनींनी हसुरामला समोर उभं केलं.

"नीट ऐक. आजवर शिकलास ते सगळं विसरायचं."

"शीतगृह?"

"नाही!"

"गुंडाळू?"

"शकूकाकूंनी गुंडाळलेत. हात लावू नको."

"मग भोकं तरी...?"

"एक भोक दिसलं, तर तुझी खैर नाही! हे बघ, गणपती विमानानं नाही, समुद्रानं जायचेत. टेम्पो येईल. एकेक मूर्ती अलगद उतरवायची, मोजायची, धक्का लावायचा नाही."

"आणि समुद्रात सोडायचे?"

बाहेर भोंगा पुन्हा वाजला. वहिनी चपला शोधत होत्या. "हो रे बाबा, सोड एकदाचे समुद्रात. म्हणजे मी सुटले."

"एवढंच?"

"एवढंच!"

हसुरामचा जीव भांड्यात पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं काम मिळालं होतं, जे त्याला लहानपणापासून येत होतं.

दुपारी तो गावच्या धक्क्यावर पाय सोडून बसला होता. कपडे चिंब, कपाळावर गुलाल, मनात समाधान. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून वहिनींचा आवाज आला, पण तो रोजचा नव्हता, भाषणातला होता.

"तर मंडळी, आधुनिक पद्धतीत माल कुठे आहे, हे कोणत्याही क्षणी सांगता आलं पाहिजे. माझा माणूस फोनवर आहे. तुम्हा सगळ्यांना ऐकू येतंय ना? हसुराम, मॉरिशसचा माल या क्षणी कुठे आहे?"

"समुद्रात, वहिनी."

पलीकडे टाळ्या वाजल्या. शंभरएक माणसं तरी असावीत. हसुरामला भरून आलं. आपल्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"किती नग?"

"एक्कावन्न. मोजून सोडले. एकालाही धक्का लागला नाही."

पुन्हा टाळ्या.

"शाबास! आता या सगळ्यांना जहाजाचं नाव सांग."

"जहाज?" हसुरामनं इकडेतिकडे पाहिलं. "जहाज कशाला, वहिनी? छातीइतक्या पाण्यात जाऊन मीच सोडले. आधी आरती केली. टेम्पोवाला म्हणत होता, चतुर्थीच्या आधीच विसर्जन कसं? मी म्हटलं, एक्स्पोर्ट आहे. मग तो गप्प बसला."

पलीकडे इतकी शांतता झाली की फोन बंद पडला की काय, म्हणून हसुरामनं तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता. वहिनींना काळजी लागली असेल, असं त्याला वाटलं. त्यांना धीर द्यावा म्हणून तो मोठ्यानं म्हणाला,

"उशीर व्हायची काही भीती नाही, वहिनी! ओहोटी बघूनच सोडलेत. आणि शकूकाकूंचा माल म्हणजे एकदम अस्सल, दोन मिनिटांत विरघळला! खोकी मात्र कोरडी ठेवलीत हं. पुढच्या वर्षी कामाला येतील."