जोमाने मागितलेला चिखल

ऐका रे पोरांनो, खाडीवर पूल नव्हता आणि लोक पलीकडे होडीनेच जायचे, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या मिठागरावर जोमा म्हात्रे होता. अख्ख्या गावाचं पोट त्या मिठावर. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही मेल्याच्या! पलीकडे म्हाताऱ्या धाकूबायचं मिठागर होतं. तिच्या मीठ पिकवायच्या वाफ्यांच्या तळाला हिरवी-जांभळी बुळबुळीत साय, वर तांबडं पाणी. जोमा भर बाजारात म्हणाला, "धाकूबाय, तुझं मीठ खायचं का खरवडून टाकायचं?" लोक खदाखदा हसले. ती मिठाची पाटी उचलून निघून गेली.

खरं तर जोमाच्या वाफ्यांतही तीच साय होती. कुणी बघू नये म्हणून त्याने सगळे तळ खरवडले आणि साय खाडीत फेकली. मग काय! भरतीचं पाणी आत घ्यावं आणि ते जमिनीतच मुरून जावं. मिठाचा खडा दिसेना. ती साय म्हणजे वाफ्याचं बूडच होतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी विणलेलं. गावातल्या चुली थंड पडल्या. भुकेली पोरं रडायची आणि जोमाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी तो धाकूबायच्या दारात गेला. मान वर करवेना.

"बाय, मूठभर सायीचा चिखल दे गो."

"कुठला? खरवडून टाकायचा तोच?"

जोमाला रडूच फुटलं. म्हातारीने आधी त्याच्या कपाळाला चिखल फासला, मग टोपली भरून दिली. "ह्यात एक जात नाय रे, लाख जाती हायत. कुणी पानी धरतंय, कुणी ऊन पितंय. सगल्यांना नीट ने."

असं म्हणतात, लाजेने तो होडीत बसलाच नाही, ओहोटीला डोक्यावर टोपली घेऊन खाडीतून चालत आला. असं म्हणतात, जिथे चिखल ठिबकला तिथे पाणी तांबडं झालं आणि लांब पायांच्या गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा त्याच्या मागोमाग आला. वाफ्यांत साय धरली, मीठ पिकलं. जोमाने कपाळ मात्र मरेपर्यंत पुसलं नाही, असं म्हणतात.

आता पूल आहे. तरी हंगामाआधी गाव एकाला खाडीतून चालत पलीकडे पाठवतं, चिखल मागायला. वर्षभरात जो दुसऱ्याला सगळ्यात जास्त हसला असेल, त्याला. यंदा कोण जाणार, असं पाटलाने विचारलं की सगळं गाव खाली बघतं.