क्रम न विचारणारा नऊ

परदेशात गणित शिकून गावच्या शाळेत आलेल्या शर्वरीला वाटलं होतं, मुलं वाटच पाहत असतील, आपण फक्त शिकवायचं. पाहते तर बाकांवर देणगीदारांची नावं रंगवलेली, त्यांवर त्यांचीच मुलं, आणि वीटभट्टीवरच्या मुली मागे जमिनीवर. त्यांना फळाही दिसत नव्हता. या मुलींना पुढे बसवू का, असं तिने विचारलं.

शाळेचे अध्यक्ष भाऊसाहेब इंगवले म्हणाले, "बाई, क्रम मोडला की सगळं बिघडतं."

"मग एक ते नऊ हे अंक हव्या त्या क्रमाने एकेकदा फळ्यावर लिहा. मी पाठ फिरवते. त्या संख्येला नऊने पूर्ण भाग गेला नाही, तर राजीनामा देते. गेला, तर मुलांना कुठे बसवायचं ते मी ठरवणार."

भाऊसाहेबांनी मिशीत हसत लिहिलं, ८१९२७३६४५. भागून पाहिलं, बाकी शून्य. अंक उलटसुलट केले, तरी शून्य.

"ही काय जादू, बाई?"

"जादू कसली? नऊ फक्त अंकांची बेरीज बघतो, भाऊसाहेब. पुढे कोण बसलंय आणि मागे कोण, हे तो विचारतच नाही."

मागून मुली खुदकन हसल्या. भाऊसाहेब खडू टाकून निघून गेले.

जिंकूनही शर्वरीला चैन पडेना. आता कुणाला पुढे, कुणाला मागे बसवायचं, हे तीच ठरवणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवलं, बाक सगळे बाहेर काढायचे आणि वर्गाने गोल करून जमिनीवर बसायचं, तिच्यासकट.