अर्जुनाच्या खोडावरची खूण

एका उघड्या माळाच्या कडेला जंगल होते, लेकरांनो, आणि त्या जंगलात झऱ्याच्या अंगाला बीळ करून एक साळू आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. बीळ तिच्या आईच्या वेळचे. भर उन्हाळ्यातही आतली माती गार असे, आणि भिंतीतून झऱ्याचे पाणी झिरपे. पिल्ले पडल्या पडल्या भिंतीला तोंड लावत. साळूला दुसरे काही नको होते. पिल्ले आणि ते पाणी, बस्स. त्या जंगलाची एक रीत होती. ज्याने त्याने आपल्या जागेभोवती नखाने रेघ ओढायची आणि दुसऱ्याच्या रेघेत पाय टाकायचा नाही. रीत चांगलीच होती. फक्त ती रेघ जमिनीत किती खोल जाते, हे कोणी कधी विचारले नव्हते. विचारायची वेळच आली नव्हती.

मग पलीकडच्या जंगलातून एक कोल्हा आला. त्याच्या मागे घुशींची पलटण. गोड आवाजात तो सगळ्यांना म्हणाला, "तुमच्या पायाखाली, खडकाच्या पोटात, काळं तेल आहे. अंगाला चोळलं की गोचीड लागत नाही. आमच्याकडची बडी मंडळी त्यासाठी जीव टाकतात. ज्याच्या जागेत खणीन, त्याला रताळ्यांचा ढीग देईन." खणायची परवानगी देण्याचे काम घुबडाकडे होते. ज्याच्या जागेत खणायचे, त्याची खूण घुबड जंगलातल्या अर्जुनाच्या झाडाच्या खोडावर कोरी. सशाचे कान, मुंगसाची शेपटी, साळूचा काटा. ज्याची हरकत असेल त्याने दुपारी येऊन सांगावे, असेही ठरले. आता दुपारी घुबड काय करते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

झाले! सगळे जंगल त्या खोडाच्या नादी लागले. ससा तर तिथे मुक्कामच ठोकून बसला. "घुबडराव, माझे कान कधी कोरताय?" एवढेच त्याचे रात्रंदिवस चाले. साळूचे उलटे होते. पहाटे चरून परतताना ती खोड निरखून पाही, आपला काटा कुठे दिसत नाही म्हटल्यावर सुस्कारा टाकी आणि बिळात जाऊन निवांत झोपे. सशाचे कान कोरले गेले, त्याला रताळी मिळाली. मग मुंगसाची शेपटी कोरली गेली, आणि ते बिचारे धावत साळूकडे आले.

"साळूताई, मला नकोत गं ती रताळी. माझं बीळ झऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. तिथं खणलं तर पाण्याचं काय होईल? दुपारी माझ्याबरोबर चल. दोघं मिळून ओरडलो तर ते घुबड उठेल तरी."

"अरे, पण माझा काटा कुठंय खोडावर?" साळू म्हणाली. "उगाच तोंड घातलं तर मीच त्यांच्या डोळ्यांवर यायची. लेकुरवाळी आहे रे मी. तुझं तू बघ."

मुंगूस एकटेच गेले, आणि घसा बसवून परत आले.

पुढे एका सकाळी धाकट्या पिल्लाने भिंतीला तोंड लावले आणि थू थू करत ते कण्हू लागले. साळूने पाहिले, तर भिंतीवर काळा तेलकट थर. आतून खरखर ऐकू येत होती. तिने पंजा मारला, तशी माती ढासळली आणि भोकातून एका घुशीने डोके बाहेर काढले.

"बाजूला हो बाई, कामाचा खोळंबा होतोय."

"माझ्या घरात?"

"घरात कुठं? घराखाली. मुंगसाकडून सरळ खाली उतरलो, मग आडवे निघालो. तेल काय एका जागी वाट बघत बसतं होय? परवानगी आहे म्हटलं आमच्याकडं!"

"ती मुंगसाच्या जागेची! माझ्या नाही!"

"ते कोल्हेसाहेबांना विचार," म्हणून ती पुन्हा कुरतडायला लागली.

साळू अंगावरचे सगळे काटे फुलवून अर्जुनाच्या झाडाशी गेली. कोल्हा सावलीत पाय पसरून पडला होता. "रागावू नका, साळूबाई," तो म्हणाला. "तुमच्या रेघेच्या आत माझा एक तरी पंजा उमटलेला दाखवा. वरची जमीन तुमचीच, नाही कोण म्हणतंय? आता तुमच्या आईनं मातीखालीही रेघ ओढली असेल, तर ती दाखवा." आणि तो पोट धरधरून हसला. वर फांदीवर घुबडाने एक डोळा उघडला. "जिची खूण खोडावर नाही, तिची हरकत ऐकता येत नाही," एवढे बोलून त्याने तो मिटला. खूण नव्हती म्हणून साळू गप्प बसली होती, आणि आता खूण नाही म्हणूनच तिला गप्प बसवत होते. असल्या हसण्याचा राग आलाच पाहिजे, लेकरांनो. ज्याला येत नाही, त्याने आपल्या घरचे पाणी एकदा चाखून बघावे.

साळू तशीच मुंगसाच्या दारी गेली. मुंगूस तिला पुष्कळ बोलू शकले असते. ते एवढेच म्हणाले, "पिल्लं कशी आहेत?" साळूची मान खाली गेली. तेवढ्यात ससाही आला, ओठ सुकलेले. "रताळी खाऊन तहान लागते गं," तो रडवेला होऊन म्हणाला, "आणि प्यायला काय आहे?"

मग कोणी खोडाकडे पाहिले नाही. साळू आपल्या बिळातूनच भुयारात शिरली, तोंड बाहेर आणि पाठ आत, आणि मागे मागे सरकत वाटेत जागोजाग काटे रोवत गेली. सशाने आपल्या जागेतले भोक मातीने बुजवले. मुंगूस वरून आत घुसले. पुढे काटे, मागे दात. घुशी किंचाळत सापडेल तिथून माती फोडून बाहेर पडल्या आणि जिकडे तोंड वळले तिकडे पळाल्या. त्यांना अडवायला कोल्हा आडवा धावला, तर साळूने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि त्याचे नाक काट्यांनी भरून टाकले. खणणारेच गेल्यावर कोल्ह्याला काय येते? फक्त बोलता येते. आणि आता तेही धड येईना.

आता त्या जंगलात कोणाचीही खूण कोरली गेली, तरी सगळे जण दुपारी जमतात आणि घुबडाच्या डोळ्याला डोळा लागू देत नाहीत. पण झरा काही निवळला नाही. साळू पिल्लांना घेऊन टेकडी ओलांडून पाण्याला जाते. धाकटे अजून सवयीने त्या काळ्या भिंतीला तोंड लावायला जाते, आणि साळू त्याला मागे ओढते.

तात्पर्य : शेजाऱ्याच्या जागेत अन्याय खणला जात असताना 'माझी जागा तर वाचली' म्हणून जो झोपायला जातो, त्याच्या घराखाली तो अन्याय कधीच पोहोचलेला असतो.