जेटच्या बगलेतली दारं

"ते सगळं खरं... पण उघडतं कोण?"

दस्तगीर उस्तादांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि शार्दूल खांबेटेचं डोकं फिरलं.

विचारलं होतं साधंच. हँगरमधल्या जुन्या जेट विमानाच्या बगलेत, हवा घ्यायच्या तोंडामागं, झडपेसारखी छोटी दारं होती. उभ्या विमानाचं इंजिन पुऱ्या जोरात चालवलं की ती आत उघडायची, विमानानं वेग घेतला की मिटायची. त्यांना ना मोटर, ना वैमानिकाजवळ बटण. नुसत्या स्प्रिंगा.

शार्दूल कॉलेजात पहिला आलेला, इथं उस्तादांच्या हाताखाली शिकाऊ मेकॅनिक. त्यानं पाऊण तास दाबाची समीकरणं ऐकवली. वरची कबुतरंसुद्धा कंटाळून उडाली. पण उस्तादांच्या सहीशिवाय त्याला एकट्यानं इंजिन सुरू करता येणार नव्हतं, आणि हा शहाणा तर घरी सांगून बसलेला, सोमवारपासून जेट माझ्या हातात म्हणून. आता कुठल्या तोंडानं घरी फोन करायचा, या काळजीनं त्याचा जीव अर्धा झाला होता.

उस्तादांनी दाराबाहेर बोट दाखवलं.

"हँगरला पाच फेऱ्या मार. तोंड मिटून."

भर दुपारी, तापल्या डांबरावर! शार्दूल मनात चार शिव्या हासडून निघाला. दोन फेऱ्या नाकानं निभावल्या. तिसरीला छातीचा भाता झाला. चौथीला जबडा आपोआप उघडला आणि तो घटाघटा हवा गिळायला लागला.

उस्ताद वाटेतच उभे होते.

"तोंड कोणी उघडलं?"

"मी... मी नाही..."

तो थबकला. इंजिनाची भूक मोठी, पुढचं तोंड लहान. आत हवा कमी पडली की बाहेरचीच हवा स्प्रिंगेला न जुमानता दार ढकलून आत घुसते. उघडणारा कोणी नाहीच!

त्याला इतका आनंद झाला की धापा टाकतच त्यानं हे सगळं भडाभडा सांगून टाकलं. उस्तादांनी मान डोलावली. कागद काढला, पेनाचं टोपण काढलं...

पण गप्प बसेल तो शार्दूल कसला.

"उस्ताद, राग मानू नका, पण तुमचा दाखला चुकलाय. विमान पळायला लागलं की समोरूनच भरपूर हवा घुसते आणि दारं मिटतात. मी जसजसा पळालो, तसतसं माझं तोंड जास्तच उघडलं."

उस्तादांनी पेनाला परत टोपण लावलं.

"म्हणजे तुला अजून वेग आलेला नाही. पळ."