जिना छापणारा प्रिंटर

विणकरांच्या एका गावात वसुधा कोष्टी नावाची बाई राहत होती. तिथल्या हातमाग संस्थेत ती साड्यांची नक्षी कॉम्प्युटरवर तयार करी. मग एक जुना, खडखडणारा प्रिंटर ती नक्षी लांबलचक, अखंड कागदावर छापी. छापलेली एक ओळ म्हणजे मागावरचा एक आडवा धागा. फुली असेल तिथे रंगीत रेशीम घालायचं, टिंब असेल तिथे सोडायचं. विणकर तो कागद मागाशेजारी टांगून ओळीमागून ओळ विणत.

एकदा संस्थेत नवा कॉम्प्युटर आला. त्यावरून छापायला दिलं की जुना प्रिंटर भलतंच काहीतरी उमटवू लागला. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, "हा भंगारात काढा." तो कोपऱ्यात सरकवला गेला आणि त्याच्या जागी सुटी पानं छापणारा प्रिंटर आला.

गजरामावशी गावातल्या सर्वांत जुन्या विणकर. त्यांनी ती पानं एकमेकांना चिकटवून मोराचा पदर विणायला घेतला. एका जोडाखाली दोन ओळी झाकल्या गेल्या आणि मोराची मान तुटली. आठ दिवसांचं काम उकलावं लागलं. साड्यांचं प्रदर्शन तर महिन्यावर आलेलं.

संस्थेचे व्यवस्थापक तात्या वसुधाला म्हणाले, "मावशींना सांग, जपून चिकटवा."

"चूक मावशींची नाही, तात्या. मला चार दिवस द्या."

वसुधाने कपाटातून जुन्या प्रिंटरची पुस्तिका काढली आणि पानन् पान वाचलं. नवा कॉम्प्युटर त्याला पानाचं चित्र पाठवत होता. जुन्या प्रिंटरला कळत होती फक्त साधी अक्षरं. मग तिने एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचनांची यादी, लिहिली. नक्षीची प्रत्येक ओळ आता थेट प्रिंटरकडे जाऊ लागली.

पहिल्या खेपेला प्रत्येक ओळ आधीची जिथे संपली तिथूनच खाली सुरू झाली. पायऱ्या उतराव्यात तशा ओळी कागदाबाहेर गेल्या. तात्या हसले. "मोर सांगितला होता गं. तू जिना छापलास."

वसुधा पुन्हा पुस्तिका घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. कागद पुढे सरकव, एवढंच ती प्रिंटरला सांगत होती. आधी डावीकडे परत ये, हे सांगायचं राहिलं होतं. तिने प्रत्येक ओळीच्या शेवटी ती खूण घातली.

खडखड सुरू झाली. कागद टेबलावरून जमिनीवर आणि जमिनीवरून पार दारापर्यंत गेला. त्यावर अख्खा मोर होता. गजरामावशींनी कागदावरून बोट फिरवलं. "एकही जोड नाही," त्या म्हणाल्या.

"बिघडलेला प्रिंटर नीट केलास," तात्या म्हणाले.

"तो बिघडलाच नव्हता, तात्या. त्याच्याशी बोलायचं कसं, ते मला येत नव्हतं."

प्रदर्शनात मावशींची साडी दर्शनी भागात लागली. हे कुणाचं काम, असं लोक विचारू लागले. मावशींनी वसुधाचा हात धरून तिला पुढे आणलं.

"वीण माझी," त्या म्हणाल्या, "आणि नक्षी हिची."

लोक वसुधाकडे पाहत राहिले. तिने नजर खाली वळवली नाही.

तात्पर्य: आपलं ऐकत नाही म्हणून कुणाला टाकाऊ ठरवू नये. त्याची भाषा कष्टाने शिकून जो काम तडीस नेतो, त्यालाच अभिमान शोभतो.